गव्हर्नर व त्याचें कौन्सिल

इंग्रजी दफ्तरांतील कागदावर ‘गव्हर्नर-जनरल इन कौन्सिल’ हे शब्द दिसतांच तो निर्णय एकट्या गव्हर्नर-जनरलचा समजणें योग्य नव्हे. सन १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टान्वयें तो बहुमतानें बांधलेला असे. क्लॅव्हरिंग, मॉन्सन व फ्रान्सिस एक झाले म्हणजे वॉरन हेस्टिंग्जचा पक्ष पडे. मुंबईकरांनीं १७७५ त राघोबादादांशीं केलेला सुरतेचा तह याच कलकत्तेकर कौन्सिलानें अमान्य केला. १७७६ त पुरंदरचा तह झाला. पुढें १७८६ च्या कायद्यानें महत्त्वाच्या प्रसंगीं कौन्सिलाचें मत डावलण्याचा अधिकार गव्हर्नर-जनरलास मिळाला. मात्र उभय पक्षांस आपलीं कारणें लेखी नोंदवावीं लागत. म्हणून संग्राहकांनीं नुसता ठराव न जपतां सभासदांचीं मिनिटेंही जपावीं; निर्णयाचा खरा कर्ता तेथेंच सांपडतो.