इंडोनेशियातील डच सत्ता
आग्नेय आशियातील द्वीपसमूहावरील नेदर्लंड्सचा वसाहती अंमल. त्याचा कालखंड सामान्यतः १६०२ ते १९४९ असा मानतात. प्रथम व्यापारी कंपनीने व नंतर डच शासनाने तो चालविला. तथापि प्रदेशाच्या उत्पन्नातून नफा काढणे व त्याचा भार तेथील रहिवाशांवर टाकणे, हे सूत्र दोन्ही काळांत कायम राहिले.

मसाल्याच्या पदार्थांच्या शोधात कॉर्नेलिस दे हाउटमन याची जहाजे १५९६ मध्ये जावातील बांतम बंदरात पोहोचली. आपापसांतील स्पर्धा टाळण्यासाठी डच व्यापारी संघ एकत्र येऊन १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. पूर्वेकडील व्यापाराच्या मक्तेदारीबरोबरच तह करणे, किल्ले बांधणे व सैन्य ठेवणे, हे अधिकार तिला सनदेने मिळाले. १६०५ मध्ये तिने पोर्तुगीजांकडून अँबोन घेतले. गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून याने १६१९ मध्ये जयकर्ता घेऊन तेथे बटेव्हिया (सांप्रतचे जाकार्ता) हे ठाणे वसविले. जायफळासाठी प्रसिद्ध असलेली बांदा बेटे त्याने १६२१ मध्ये जिंकली. तेथील सु. १५,००० रहिवाशांपैकी बहुतेक मारले गेले, उपासमारीने मेले, गुलाम झाले किंवा परागंदा झाले. पुढे तेथील बागा गुलामांच्या श्रमावर चालविण्यात आल्या. लवंगेचा भाव टिकविण्यासाठी ठराविक बेटांखेरीज इतरत्र असलेली लवंगेची झाडे कंपनी तोडून टाकी.

जावातील मातारामच्या वारसायुद्धांत हस्तक्षेप करून कंपनीने आपला प्रभाव वाढविला. १७५५ च्या गियांती तहाने त्या राज्याचे सुराकार्ता व जोगजाकार्ता असे विभाजन झाले. परंतु लष्करी खर्च, अधिकाऱ्यांचा भ्रष्टाचार आणि इंग्रजांशी झालेले युद्ध (१७८०–८४) यांमुळे कंपनी कर्जबाजारी झाली. १७९९ च्या अखेरीस ती विसर्जित होऊन तिचे प्रदेश व कर्ज डच शासनाकडे आले. १८११–१६ या काळात जावा इंग्रजांच्या ताब्यात होते. १८२४ च्या लंडन तहाने मलाक्का व भारतातील डच वखारी इंग्रजांकडे गेल्या. सुमात्रावरील आपला हक्क इंग्रजांनी सोडला.

राजपुत्र दीपोनगोरो याच्या नेतृत्वाखालील जावा युद्धात (१८२५–३०) सु. दोन लाख जावावासी मृत्युमुखी पडले. युद्धाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी योहानेस व्हान डेन बॉस याने १८३० मध्ये सक्तीची लागवड पद्धती सुरू केली. शेतसाऱ्याऐवजी गावाने आपल्या जमिनीच्या एकपंचमांश भागात ऊस, नीळ इ. निर्यातीची पिके काढावीत, असा नियम होता. प्रत्यक्षात याहून अधिक जमीन व वेठ घेतली जाई. कारण उत्पादनाच्या प्रमाणात अधिकाऱ्यांना व गावप्रमुखांना मोबदला मिळे. देमाक व ग्रोबोगान येथे १८४९–५० मध्ये भीषण दुष्काळ पडला. उलट १८३१–७७ या काळात नेदर्लंड्सच्या तिजोरीत ८० कोटींहून अधिक गिल्डर जमा झाले. त्यांतून सार्वजनिक कर्ज फेडण्यात आले व लोहमार्गही बांधले गेले. मुल्टाटुली (एडुआर्ट डाउवेस डेकर) याच्या माक्स हाव्हेलार (१८६०) या कादंबरीने या पिळवणुकीकडे डच लोकमताचे लक्ष वेधले. १८७० च्या कृषी कायद्याने खाजगी भांडवलास वाव मिळाला. सुमात्राच्या उत्तरेकडील आचेविरुद्ध १८७३ मध्ये सुरू झालेले युद्ध मात्र तीस वर्षांहून अधिक काळ चालले.

१९०१ पासून शिक्षण, पाटबंधारे व स्थलांतर यांवर भर देणारे ‘नैतिक धोरण’ अंगीकारण्यात आले. त्याची व्याप्ती तोकडीच होती. १९३० मध्ये साक्षरता सु. सात टक्के होती. तरीही नव्या शिक्षणातूनच राष्ट्रवादी नेतृत्व उदयास आले. बुदी उतोमो (१९०८), सारेकात इस्लाम (१९१२) व सुकार्णो यांचा राष्ट्रीय पक्ष (१९२७) हे त्याचे टप्पे होत. शासनाने सुकार्णो, मुहंमद हट्टा आदी नेत्यांना तुरुंगात व हद्दपारीत ठेवले.

मार्च १९४२ मध्ये डच सैन्याने जपानपुढे शरणागती पत्करली आणि यूरोपीय सत्तेच्या अजिंक्यत्वाची समजूत संपली. जपानच्या पाडावानंतर १७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्णो व हट्टा यांनी स्वातंत्र्य घोषित केले. ते मोडण्यासाठी डचांनी १९४७ व १९४८ मध्ये लष्करी मोहिमा काढल्या व त्यांना ‘पोलीस कारवाई’ असे नाव दिले. गनिमी प्रतिकार, जानेवारी १९४९ मधील नवी दिल्ली परिषद, सुरक्षा समितीचा ठराव व अमेरिकेचे दडपण यांमुळे त्यांना माघार घ्यावी लागली. २७ डिसेंबर १९४९ रोजी सत्तांतर झाले. पश्चिम न्यू गिनी मात्र १९६२ पर्यंत डचांकडे राहिले. सत्तांतराच्या अटींनुसार वसाहतीचे सु. ४३० कोटी गिल्डर कर्ज नव्या राष्ट्राच्या माथी आले. त्यात त्याच्याच विरुद्ध लढलेल्या युद्धाच्या खर्चाचाही अंश होता. या युद्धातील अतिरेकी हिंसेबद्दल डच पंतप्रधानांनी २०२२ मध्ये क्षमा मागितली व १७ ऑगस्ट १९४५ हा स्वातंत्र्यदिन असल्याचे २०२३ मध्ये निःसंदिग्धपणे मान्य केले.