मॉरिशसची हिरवी पाल

पाल चुकचुकली की मनात शंका येते आणि ती भिंतीवर दिसली की हात केरसुणीकडे जातो. पाल हा रात्री वावरणारा प्राणी आहे, असा आपला समज असतो. घरातील पालीपुरता तो खराही आहे. हिंद महासागरातील बेटांवर झाडांच्या आश्रयाने राहणारी ‘फेल्सुमा’ ही पालींची प्रजाती मात्र भर उन्हात वावरते. तिच्या बहुतेक जातींचा रंग पोपटी असून पाठीवर तांबडे ठिपके असतात. मादागास्कर, मॉरिशस, सेशेल्स व कोमोरो ही तिची प्रमुख वसतिस्थाने होत. एक जाती मात्र तेथून फार दूर, आपल्या अंदमानात आढळते.

किडे तर ती खातेच. परंतु फुलांतील मधुरसही आवडीने चाटते. मॉरिशसमध्ये ‘रूसिया’ नावाची एक वेलवजा वनस्पती आहे. जगात ती अन्यत्र कोठेही नाही. मधुरसासाठी पाल तिच्या घंटेसारख्या फुलात डोके घालते, तेव्हा डोक्याला लागलेले पराग पुढच्या फुलात पोचतात. पुढे फळ धरल्यावर त्यातील बुळबुळीत रस चाटताना बारीक बिया पोटात जातात व विष्ठेवाटे रानात पसरतात. परागण आणि बीजप्रसार ही दोन्ही कामे एकाच प्राण्याकडे असणे हे विरळाच. कार्यालयीन भाषेत सांगावयाचे तर, मूळ पदासह अतिरिक्त कार्यभार! अशा व्यवस्थेत एक पाल हटली की दोन्ही कामे थांबतात. बाहेरून आलेल्या एका मुंगीमुळे हेच घडू लागले आहे. पिठ्या ढेकणांचे रक्षण करण्यासाठी ही मुंगी रूसियाची फुले-फळे व्यापते व पालीला हुसकावून लावते.

बाहेरून आणलेल्या प्राण्यांनी या बेटांचे नुकसान पूर्वीही केले आहे. मॉरिशसजवळील राउंड बेटावर याच प्रजातीची सुमारे वीतभराहून मोठी पाल राहते. एकोणिसाव्या शतकात तेथे सोडलेल्या शेळ्या व सशांनी झाडोरा फस्त केला. अखेर १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ पर्यंत ससे हटविण्यात आले, तेव्हा कोठे ताडवर्गीय रोपे पुन्हा तग धरू लागली. रॉड्रिग्ज बेटावरील थोराड पाल मात्र एकोणिसाव्या शतकातच नामशेष झाली.

एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आज मॉरिशसचे नागरिक आहेत. त्यांच्या या देशात आता मादागास्करची मोठी हिरवी पालही येऊन पोचली आहे. रंगाने व कुळाने ती स्थानिक पालींची सख्खी नातलग. पण त्यांनाच ती भक्ष्य करते.