एकाच तक्त्यातील पिढ्या

आपल्या निवासी शाळेत येणारी अनेक मुले कोणाचा तरी हात धरून येतात: थोरल्या बहिणीचा, मामेभावाचा, गावातील आधीच्या विद्यार्थ्याचा. माजी विद्यार्थ्यांची संगणकीय नोंदवही करताना हा धागा टिकवावयाचा असेल, तर तक्त्याची रचना आधी विचारपूर्वक ठरवावी लागते.

'पहिली पिढी', 'दुसरी पिढी' असे रकाने वाढवीत गेल्यास प्रत्येक नव्या पिढीसाठी तक्ता मोडावा लागतो. त्याऐवजी तीन रकाने पुरतात: विद्यार्थी क्रमांक, नाव आणि आणणाऱ्याचा क्रमांक. तिसऱ्या रकान्यातील आकडा त्याच तक्त्यातील दुसऱ्या ओळीकडे निर्देश करतो. यालाच पुनरावर्ती संबंध म्हणतात. अशी साखळी मुळापर्यंत शोधण्याची सोय १९९९ च्या एसक्यूएल मानकात आली.

जो विद्यार्थी कोणाच्याही आधाराविना आला, त्याचा तिसरा रकाना रिकामा ठेवावा. शून्य लिहू नये, कारण शून्य क्रमांकाचा विद्यार्थीच नसतो. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस ती रिकामी जागा मोलाची वाटते. वाट तेथून सुरू झाली.

दोन गोष्टी जपाव्यात. 'अ'ला 'ब'ने आणि 'ब'ला 'अ'ने आणले, अशी चुकीची नोंद झाल्यास शोध वर्तुळात फिरत राहतो. म्हणून नोंद करतानाच तपासणी हवी. दुसरे, दिवंगतांची ओळ कधीही पुसू नये. ती पुसली, की मागून आलेल्यांचा दुवा तुटतो. निधनाची नोंद स्वतंत्र रकान्यात करावी.

माजी विद्यार्थ्यांनी आपणांस आणणाऱ्याचे नाव अवश्य कळवावे. आपणच पहिले असाल, तर तेही अभिमानाने कळवावे.