पंचवीस मिलिमीटरची पट्टी

ऑटोकॅडमध्ये विटांची भिंत दाखवायची म्हणजे हॅच टाकायची. वर्षानुवर्षं मी तेच करत आले. तयार पॅटर्न निवडला, चौकटीत एक क्लिक केलं, की भिंत विटांनी भरते. प्लॅस्टरखाली जाणाऱ्या भिंतीत सांधा कुठे येतो, याची फिकीर कोण करतो?

या वेळी मात्र भिंत उघडी राहणार होती, आणि बांधकाम रॅट ट्रॅप बाँडचं. लॉरी बेकरांनी केरळात रुजवलेली पद्धत. वीट पसरट न ठेवता कडेवर उभी करायची. २३० × ११० × ७५ची वीट धरली, तर बाहेरच्या अंगाला एक, आतल्या अंगाला एक, मध्ये ८० मिलिमीटरची पोकळी; आणि प्रत्येक जोडीनंतर एक वीट भिंतीच्या जाडीतून आरपार. उंदराचा सापळा म्हणतात तो या पोकळीमुळे. दर्शनी बाजूला एक लांब, एक अरुंद, पुन्हा लांब. वरच्या थरातली अरुंद वीट खालच्या लांब विटेच्या बरोबर मधोमध. ही वीण तयार पॅटर्नांत मला मिळाली नाही. नोटपॅड उघडून स्वतः लिहिली:

०, ०,०, ०,१२०
९०, ०,०, १२०,१६२.५, १२०,-१२०
९०, २४०,०, १२०,१६२.५, १२०,-१२०

एवढ्यात अख्खी भिंत. पहिली ओळ आडव्या सांध्यांची: विटेचे ११० आणि मालाचे १०, म्हणून दर १२० वर रेघ. खालच्या दोन उभ्या सांध्यांच्या. १२० रेघ ओढायची, उणे १२० म्हणजे तेवढंच अंतर पेन उचलून जायचं. लांब वीट सांध्यासह २४०, अरुंद ८५, मिळून ३२५; त्याचं निम्मं १६२.५, ती सांधमोड. शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलं नाही, तर ती ओळ वाचलीच जात नाही. मी विसरले. भिंतभर सव्वातीनशे मिलिमीटरच्या अजस्र विटा उमटल्या, आणि चूक सापडेपर्यंत अर्धा तास गेला.

मग विटांचा हिशेब हवा म्हणून एक वीट थ्रीडीत करून ॲरे मारला. चौरस मीटरला ७७ विटा. तेवढ्याच जाडीच्या इंग्लिश बाँडला ९८ लागतात. म्हणजे बचत एकवीस-बावीस टक्के; सगळीकडे ऐकू येणारे पंचवीस या मापात काही बसेनात. त्यात पहिला थर, खिडकीच्या कडा, लिंटेलखालचा थर हे सगळं भरीव बांधावं लागतं. ते मॉडेलमध्ये घातलं तशी बचत आणखी घसरली. पद्धत तरीही मला आवडते. पोकळीमुळे उन्हाचा ताप आत कमी येतो, आणि भिंतीला प्लॅस्टर लागत नाही.

प्रिंट साइटवर गेली. मिस्त्रींनी कागद पत्र्यावर पसरला, दोन खिडक्यांमधल्या एक मीटरच्या खांबावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, ही पट्टी विटेची म्हणायची की मालाची?"

तीन वेळा ३२५ म्हणजे ९७५. उरलेले २५ मिलिमीटर हॅचने मुकाट्याने कापून काठाला चिकटवले होते. हॅचला वीट माहीतच नसते. ती रेघा ओढते आणि चौकट संपली की थांबते. पंचवीस मिलिमीटरची वीट कोण तोडणार, आणि तोडली तरी ती टिकणार कशी?

खांब ९६५ करते म्हटलं: तीन घरं, शेवटचा सांधा वजा. मिस्त्री "थांबा" म्हणाले. ढिगातून हाताला येतील त्या दहा विटा उचलून त्यांनी माल न लावता जमिनीवर टोकाला टोक लावून मांडल्या आणि टेप धरला. २३०० यायला हवे होते. आले २२६०. भट्टीतून निघालेल्या विटा; एखादी २२२, एखादी २३१.

"कागदावरची वीट इथं येत नाही," एवढंच म्हणून ते चहाला गेले.

ऑफिसात येऊन फाइल उघडली. २४०चे २३६ केले, १६२.५चे दोन्हीकडे १६०.५. खांब ९५३ झाला, खिडकी तेवढी रुंदावली. सेव्ह करण्याआधी शेवटी एंटर दाबलं.