तंगूस कुठे तुटावा?

संपादकांचा प्रश्न साधा होता. गोड्या पाण्यात आणि किनाऱ्यालगत गळ टाकणाऱ्यानं दोरा कोणता घ्यावा, हे कुणीतरी एकदा नीट लिहायला हवं. दुकानात आता तीन जातींचे दोरे मिळतात. रिळावर मिलिमीटर, किलो, पौंड आणि जपानी नंबर छापलेले असतात, आणि दुकानदाराच्या लेखी महाग असेल तेच चांगलं. अशा लेखासाठी कुणीही मालवणची किंवा श्रीवर्धनची वाट धरेल. मी गोंदियाची धरली. खाडीत गरवणाऱ्याचा दोरा बहुतेक वेळा खडकावर किंवा कालवांवर घासून जातो. गोंदियाच्या तळ्यात कमळाचे देठ, बुडालेली खोडं, बेशरमाची झुडपं आणि ढोपरभर चिखल एकाच पाण्यात भेटतात. दोऱ्याची परीक्षा घ्यायची तर ती इथेच घ्यावी, असं मला वाटलं. त्यातच गोंदिया तालुक्यातल्या मुर्रीत एक काका गरी बांधून देतात, असं कानावर आलं होतं.

तळ्यांचा इतिहास इथे कुणीही सांगतो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं जंगल तोडून, पाळी घालून ही तळी बांधली. पुढे मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, आली आणि तळ्यांना मालगुजारी तलाव हे नाव चिकटलं. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली आणि मासेमारी ठेक्यानं ढिवर या मासेमार समाजाच्या सहकारी संस्थांकडे गेली. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात ढिवरांचे धंदे नोंदवलेले आहेत: मासे, शिंगाडा आणि कोसा, म्हणजे टसर रेशीम. मासे आणि शिंगाडा पाण्यातले, कोसा रानातला. पण तिन्ही धंदे दोरा आणि हात यांच्या सवयीचे.

दोऱ्याचा स्वतःचा इतिहास अजून लहान आहे. नायलॉन येईपर्यंत जगभर सूत, ताग, रेशीम आणि घोड्याच्या शेपटीचे केस यांवर काम भागे. हे दोरे पाण्यात कुजत, म्हणून रोज वाळत घालावे लागत. 1935 मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हातून नायलॉन तयार झालं. ते यश बाजारात पाहायला कॅरोदर्स उरले नाहीत. 1937 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. दोनच वर्षांनी नायलॉनचा एकपदरी मासेमारी दोरा विक्रीला आला. आपण त्याला तंगूस म्हणतो.

तंगूस बनतो कसा, हे कळलं की त्याचे गुणदोष कळतात. नायलॉनचे दाणे वितळवून बारीक भोकातून दाबतात, निघालेला धागा पाण्यात थंड करतात आणि मग तापवून मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणतात. या ताणण्यात आतले लांबलचक रेणू एका दिशेनं ओळीनं लागतात. तंगूसाची सगळी ताकद या लांबीच्या दिशेची आहे. त्याला तिरपा वाकवा, दाबा, पीळ द्या, की ती कमी होते. गाठीत हे सगळं एकदम घडतं.

मुर्रीच्या ओसरीत काकांनी मला नेमकं हेच दाखवलं, एकही आकडा न सांगता. एकाच रिळातून त्यांनी दोन हात-हात लांबीचे तुकडे तोडले. एकाच्या मध्यावर साधी गाठ मारली. दुसऱ्याला गळ बांधला: कडीतून दोरा ओवून स्वतःभोवती पाच-सहा वेढे, टोक मागे फिरवून पहिल्या फासातून बाहेर. मग आत हाक मारली. काकू बाजारात मासे तोलतात तो स्प्रिंगचा काटा घेऊन बाहेर आल्या आणि "खराब नोका करू जी" एवढं बजावून तिथेच बसल्या. साध्या गाठीचा तुकडा तुटला, तेव्हा काट्याची सुई दुसऱ्या तुकड्याच्या निम्म्याच्या आसपास होती.

"तंगूस नाही तुटत भाऊ, गाठ तुटते," काका म्हणाले.

मग त्यांनी तीच वेढ्यांची गाठ पुन्हा बांधली, पण यावेळी कोरडी ओढली. गाठीजवळचा तंगूस कुरळा आणि किंचित पांढुरका झाला. घर्षणानं उष्णता होते आणि ओळीनं लागलेले रेणू तिथल्या तिथे विस्कटतात. ओल्या गाठीत तसं होत नाही. "थुंकी फुकटची आहे जी," काकांचा निकाल. दहा रुपयांच्या तंगूसाची ओली गाठ हजाराच्या दोऱ्याच्या कोरड्या गाठीला हरवू शकते, हे कोणत्याही रिळावर छापलेलं नसतं.

आता निवडीकडे. पहिला नियम भूमितीचा आहे. दोऱ्याची जाडी दुप्पट केली की ताकद साधारण चौपट होते, पण ताठरपणा सोळापट होतो. जाड तंगूस रिळाची वळणं विसरत नाही, दूर जात नाही आणि पाण्यात स्प्रिंगसारखा उभा राहतो. म्हणून पुण्या-मुंबईहून येणारा हौशी गळवाला मोठ्या माशाच्या आशेनं जाडजूड दोरा आणतो, तेव्हा काकांचा ठरलेला प्रश्न असतो: "का जी, एवढा जाड कायले घेता?" बोडीतल्या, म्हणजे छोट्या तळ्यातल्या, लहान माशांना 0.20 ते 0.25 मिलिमीटर पुरतो. रोहू, कटला, मृगल यांना 0.30 ते 0.35 चा तंगूस घ्यावा. नायलॉनची ताण खाण्याची सवय इथे दोष नसून गुण आहे. चांगला तंगूस तुटण्याआधी आपल्या लांबीच्या पाचव्या हिश्शाइतका लांबू शकतो. रोहूचे ओठ मऊ असतात. त्यानं शेवटचा हिसका दिला की तंगूस लांबून तो हिसका पचवतो आणि ओठ फाटत नाही.

मरळ मात्र वेगळा हिशेब मागते. ती हवेत श्वास घेणारी मासळी आहे. वर येऊन बुडबुडा सोडते, तेव्हाच ठिकाण कळतं, आणि ते ठिकाण बहुधा पानांच्या गर्दीत असतं. जबडा हाडाचा. लांबणाऱ्या दोऱ्यानं गळ त्यात रुतत नाही. इथे विणलेला दोरा लागतो, ज्याला दुकानात ब्रेड म्हणतात. तो पॉलिथिनच्या अतिशय बलवान तंतूंचा असतो. असे तंतू काढायची रीत हॉलंडच्या डीएसएम कंपनीत 1979 च्या सुमारास सापडली. हा दोरा फार तर तीन-चार टक्के लांबतो, पाण्यापेक्षा हलका असल्यानं तरंगतो, कमळाचे देठ कापत येतो आणि तेवढ्याच ताकदीच्या तंगूसापेक्षा बराच बारीक असतो. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. तो गुळगुळीत असल्यानं गाठीला वेढे जास्त द्यावे लागतात. शिवाय रिळावर तो सरकतो, म्हणून खाली थोडा तंगूस गुंडाळून घ्यावा.

तिसरी जात फ्लुरोकार्बनची. जपानच्या कुरेहा कंपनीनं 1971 मध्ये तो आणला. पाणी प्रकाश जेवढा वाकवतं, त्याच्या हा दोरा नायलॉनपेक्षा जवळ जातो, म्हणून नितळ पाण्यात माशाला तो कमी दिसतो. शिवाय तो जड आहे, बुडतो आणि घासणं सोसतो. कोकणात जिताडा किंवा तांबोशी धरणाऱ्यानं ब्रेडच्या टोकाला याचा किंवा जाड नायलॉनचा हातभर तुकडा लावावाच, कारण ब्रेडचे सुटे तंतू कालवांवर पटापट कापले जातात आणि जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी धारदार असते. गोंदियाच्या आषाढातल्या गढूळ तळ्यात न दिसणाऱ्या दोऱ्यासाठी पैसे मोजणं मात्र वाया आहे. तिथे मासा वासानं आणि हालचालीनं येतो.

इथवर दुकानदारही सांगेल. काकांची खरी करामत गळापाशी आहे. मूळ तंगूस 0.40 चा असेल, तर गळाआधी ते वीतभर 0.28 चा तुकडा जोडतात. दोन्ही टोकं शेजारी धरून एकत्र फास करतात आणि त्यातून दोनदा काढतात. हिशेब करून पाहिला, तर 0.28 ची ताकद 0.40 च्या जवळपास निम्मी येते. मी विचारलं, मुद्दाम कमजोर कशाला?

"हा तुटाले पायजे जी. हा नाही तुटला, तं आख्खा तंगूस तळ्यात राहते."

गळ खोडात अडकणारच. मग ओढल्यावर दोरा कुठेतरी तुटणार, आणि तो कुठे तुटेल हे काका घरीच ठरवून निघतात. तळ्यात बारीक दोऱ्याचं ते वीतभर शेपूट आणि एक गळ राहतो. बाकीचा तंगूस घरी येतो.

अडचण इथूनच सुरू होते. तंगूस कुजत नाही, या एकाच गुणावर तो जगभर पसरला. पण तळ्यात तुटून राहिलेलाही तो तसाच राहतो, वर्षानुवर्षं. राज्यातले सारस मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत. ते ज्या उथळ काठानं चालतात, तिथेच गळवाले बसतात. पक्ष्यांना जखमी करणाऱ्या पतंगाच्या नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये देशभर बंदी घातली. मासेमारीचा दोरा त्याच कुळातला, पण त्याची कुणी विचारपूस करत नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात धक्क्यांवर प्लास्टिकच्या नळ्या लावून जुना नायलॉन दोरा गोळा करतात आणि वितळवून पुन्हा वापरात आणतात. त्या नळ्यांतही ब्रेडला जागा नाही, कारण तो नायलॉनबरोबर वितळवता येत नाही.

आणि नेमकं मरळीच्या ब्रेडलाच कमजोर शेपूट लावता येत नाही. पानांतून मरळ ओढायची तर शेवटची वीतही तितकीच बळकट हवी. शेपूट बारीक केलं की तोंडात गळ अडकलेली मरळ निसटते. तेव्हा जो दोरा सर्वांत टिकाऊ, तोच सर्वांत लांब तुटून तळ्यात राहतो. पावसाळ्यात मरळीची जोडी आपल्या पिल्लांच्या थव्यावर पहारा देते आणि थव्याजवळ पडलेल्या कशावरही झडप घालते. ती तेव्हा सहज सापडते, आणि ती गेली की थवा उघडा पडतो. याचा इलाज कोणत्याही दोऱ्यात नाही.

आणखी एक पेच आहे. भंडारा-गोंदियात मनीष राजनकर यांची फीड ही संस्था आणि तिच्यासोबत ढिवर स्त्री-पुरुष तळ्यांतली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावत आले आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारख्या स्त्रिया या कामात पुढे आहेत. पाण्याखाली वनस्पती वाढल्या की देशी माशांना अंडी घालायला जागा मिळते. पण त्याच वनस्पतींत गळ अडकतो. तळं जितकं निरोगी होईल, तितका तंगूस जास्त तुटेल.

काकांना मी हे म्हणालो, तर त्यांनी बोट दुसरीकडे दाखवलं. ओसरीच्या खुंटीला तंगूसाचं बारीक जाळं टांगलेलं होतं. एका जाळ्यात शेकडो गळवाल्यांच्या वर्षभराच्या शेपटांइतका तंगूस असतो, आणि ते फाटलं, खोडाला गुंतलं, की मागे राहून मासे मारतच राहतं. त्याची जबाबदारी पोटासाठी मासे धरणाऱ्या माणसावर टाकणं सोपं आहे. पण सुताचं जाळं त्याला परवडत नाही आणि मिळतही नाही.

हौशी गळवाल्याचं तसं नाही. एक मासा सुटला तर त्याच्या घरी चूल पेटायची राहत नाही. संस्थेची परवानगी घेऊन तळ्यावर बसणाऱ्यानं कमजोर शेपूट लावायचं, जुना दोरा परत न्यायचा आणि थव्यावरच्या मरळीला सोडून द्यायचं, एवढी अट ठेका घेणाऱ्या संस्था घालू शकतात. त्यासाठी कायद्याची वाट पाहायला नको. काकांना ही अट पटली, पण तपासायला काठावर कुणी तरी बसवावं लागेल, आणि त्याची रोजी कोण देणार, हे त्यांनी लगेच विचारलं. संस्थांच्या ठेक्याच्या हिशेबात ती रक्कम आज कुठेच धरलेली नाही.