एसी १८ वर, तरी खोली गरमच, असं का?

चाकण-तळवड्याकडच्या कारखान्यात रात्रपाळी करून देहूतल्या खोलीवर परतणाऱ्याची झोप दिवसा होते. एप्रिल महिना, वरचा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब. मग रिमोट हातात घ्यायचा आणि आकडा थेट १८ वर न्यायचा, खोली लवकर गार व्हावी म्हणून.

तशी ती होत नाही. रिमोटवरचा आकडा एसीला कुठे थांबायचं ते सांगतो, किती जोर लावायचा ते नाही. खोली ३५ अंशांवर असताना १८ लावा की २५, कॉम्प्रेसर सुरुवातीला जवळपास पूर्ण ताकदीनेच चालतो; इन्व्हर्टर एसीचाही. फरक पुढे पडतो. २५ अंश गाठले की साधा एसी कॉम्प्रेसर थांबवतो, इन्व्हर्टर त्याचा वेग उतरवतो. तापलेल्या खोलीत १८ बहुधा गाठलेच जात नाहीत, त्यामुळे कॉम्प्रेसरला उसंत नाही.

ढोबळ हिशेब करू. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने तासाला साधारण दीड युनिट घेतो. आठ तासांचे १२, महिन्याचे ३६०. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटनंतर दर चढतो. इथे एकटा एसीच ३०० ओलांडून जातो.

एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा अंदाज आहे. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून स्टारवाले नवे एसी मुळातच २४ अंशांवर लावून येतात. जून २०२५ मध्ये तर केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीची मर्यादाच २० ते २८ अंश ठेवण्याचा इरादा जाहीर केला.

पण ‘२४ वर उकडतं’ ही तक्रार खोटी नाही. शरीराला फक्त हवा जाणवत नाही, भोवतालच्या भिंती आणि छताची धगही जाणवते. सकाळपासून तापलेला स्लॅब संध्याकाळ उलटली तरी उष्णता सोडत राहतो. हवा २४ अंशांची, वर मात्र तापलेला तवा! त्यावर उपाय रिमोटमध्ये नाही, गच्चीवर आहे: चुन्याचा किंवा उन्हाला परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात. अडचण अशी, की गच्ची घरमालकाची आणि बिल भाडेकरूचं. रंगाचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याची बोलणी मार्चमध्येच केलेली बरी. पश्चिमेच्या खिडकीला सावली बाहेरून हवी. आतला पडदा ऊन अडवतो तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते.

भाडेकरूच्या हातातली गोष्ट म्हणजे छताचा पंखा. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास, म्हणजे पूर्ण ताकदीने चालणाऱ्या एसीच्या विसाव्या हिश्शाएवढी वीज घेतो. अंगावर वारा असला की घाम सुकतो आणि २६-२७ अंशांतही झोप लागते.

कूलर मात्र एसीच्या जोडीला लावू नये. कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. शिवाय कूलरने हवेत सोडलेलं पाणी एसी बाहेर काढत बसतो, आणि त्याचंही बिल येतं.