मिग-२१ नंतर : लढाऊ विमानांचा पर्याय आणि इंजिनाचा प्रश्न

दिनांक २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे भारतीय वायुदलाने मिग-२१ या लढाऊ विमानास निरोप दिला. १९६३ साली याच तळावर ते सेवेत दाखल झाले होते. या निरोपानंतर वायुदलाजवळ लढाऊ विमानांच्या २९ स्क्वाड्रन उरल्या. मंजूर संख्या ४२ आहे. एका स्क्वाड्रनमध्ये सामान्यतः १६ ते १८ विमाने असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या तुटीचे स्वरूप स्पष्ट होते. जे विमान विसाव्या शतकातच निवृत्त व्हावयाचे, ते ६२ वर्षे का उडवावे लागले, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विलंबाचे खापर सर्वसाधारणपणे शासकीय दिरंगाईवर फोडले जाते. त्यात तथ्य आहेच. १२६ मध्यम लढाऊ विमानांच्या खरेदीसाठी २००७ साली निविदा मागविण्यात आल्या. सहा विमानांच्या चाचण्या झाल्या. २०१२ च्या जानेवारीत फ्रान्सच्या राफालची निवड झाली. तथापि वाटाघाटी तडीस गेल्या नाहीत, आणि अखेरीस सप्टेंबर २०१६ मध्ये अवघ्या ३६ विमानांचा करार झाला. परंतु परदेशी खरेदी ही मुळात पूरक योजना होती. मिग-२१ ची जागा घ्यावयाची होती ती देशी हलक्या विमानाने, आणि तेथील विलंबाचे कारण अधिक खोल आहे.

या संदर्भात थोडे मागे जाणे आवश्यक आहे. जर्मन अभियंते कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगलोर येथे तयार झालेले एचएफ-२४ ‘मारुत’ हे विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम आकाशात झेपावले. त्याचा सांगाडा स्वनातीत वेगासाठी आखलेला होता. परंतु ज्या अधिक शक्तिशाली ब्रिटिश इंजिनावर सारी भिस्त होती, ते विकसितच झाले नाही. दुबळ्या ऑर्फियस इंजिनावर विमान उडाले, १९७१ च्या युद्धात उपयोगीही पडले. पण त्याचा नियोजित विकास खुंटला. उत्तम सांगाडा, परंतु योग्य इंजिन नाही, ही उणीव पुढे कायम राहिली.

हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ साली मंजूर झाला. त्याच्यासाठी ‘कावेरी’ हे देशी इंजिन योजिले होते. अपेक्षित जोर न मिळाल्याने व वजन वाढल्याने २००८ साली ते या विमानापासून विलग करण्यात आले. दरम्यान ४ जानेवारी २००१ रोजी पहिले उड्डाण झाले ते अमेरिकन एफ-४०४ इंजिनाच्या बळावर. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर लादलेल्या निर्बंधांमुळे उड्डाणनियंत्रण प्रणालीसंबंधीचे अमेरिकन साहाय्यही थांबले होते. पुढे ‘तेजस’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या विमानाची पहिली स्क्वाड्रन २०१६ साली उभी राहिली.

इंजिन एवढे दुष्कर का? ज्वलनकक्षातून टर्बाइनवर येणारे वायू पात्यांच्या धातूच्या द्रवणबिंदूहूनही अधिक तप्त असतात. पाते टिकते ते तीन उपायांनी. स्फटिककणांमधील सीमा हे उच्च तापमानात धातूचे दुर्बल स्थान असल्याने संपूर्ण पाते एकाच स्फटिकाच्या रूपात ओततात. त्याच्या पोटातील सूक्ष्म मार्गांतून तुलनेने थंड हवा खेळवितात. आणि पृष्ठभागावर सिरॅमिकचा पातळ लेप देतात. हे ज्ञान केवळ आराखड्यांतून हस्तांतरित होत नाही. ते हजारो तासांच्या चाचण्यांतून व फसलेल्या नमुन्यांतून साठत जाते. नाशिकजवळील ओझर येथे मिग विमाने व कोरापुट येथे त्यांची इंजिने परवान्यानुसार बनली. त्यातून बांधणीचे कौशल्य लाभले, पण रचनेमागील कारणमीमांसा लाभली नाही.

परकीय इंजिन वापरणे हा स्वतः दोष नव्हे. स्वीडनच्या ग्रिपेन विमानाचे मूळ इंजिनही एफ-४०४ वरूनच सिद्ध झाले होते. मात्र अशा वेळी विमानाचे वेळापत्रक परक्या कारखान्याच्या हाती जाते, हे ओळखून पर्यायी तरतूद करावी लागते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार झाला. त्यांसाठीच्या ९९ इंजिनांपैकी पहिले इंजिन मिळाले ते मार्च २०२५ मध्ये. ओझर येथे बांधलेल्या पहिल्या मार्क-१ए विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. म्हणजे मिग-२१ च्या निवृत्तीनंतर तीन आठवड्यांनी.

या विलंबाची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. जुने विमान सेवेत ठेवावयाचे म्हणजे त्याचे आयुष्य वाढविणे आले. सुमारे १२५ मिग-२१ विमानांना ‘बायसन’ रूपात नवे रडार व शस्त्रे देण्यात आली. परंतु नव्या उपकरणांनी जुन्या रचनेतील धोके नाहीसे होत नाहीत, आणि ते पत्करावे लागले तरुण वैमानिकांना. विमानाची रचना व इंजिनाची रचना यांचे कालमान भिन्न असते. इंजिनाला अधिक अवधी लागतो. म्हणून पुढील विमानाच्या इंजिनाचा आरंभ त्या विमानाच्या आराखड्याच्याही आधी व्हावयास हवा, हाच मारुतपासून तेजसपर्यंतच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.